अंगाला करडईचे तेल



मार्गशीर्ष लागला की आपल्या भागात दोन गोष्टी बरोबरीने होतात. शेतात ज्वारी पोटरीत येते आणि घरात माणसांच्या पोटऱ्या उलू लागतात. वारा कोरडा, पहाट गार आणि दिवसभर ऊन. नखाने पायावर रेघ ओढली तर पाटीवर पेन्सिल ओढावी तशी पांढरी रेघ उठते. शाळेतली मुले तर पायावर आपले नावच लिहून दाखवतात. गुरुजींना हे काही नवीन नाही. ओठ फुटतात, टाचांना भेगा पडतात, ऊसतोडणीच्या बायांच्या बोटांच्या पेरांतून रक्त येते आणि तान्ह्या लेकराचे गाल तांबडे, खरबरीत होतात.

यावर हल्ली आपण काय करतो? राहुरीच्या बाजारातून एखादी बाटली आणतो. तिच्यावर कुठल्या तरी परमुलखातल्या फळाचे चित्र असते आणि किंमत अशी की घरातल्या एकट्या सुनेने किंवा एकट्या लेकरानेच ती वापरावी. म्हातारीच्या टाचांपर्यंत ती पोचत नाही. बाटल्यांना नावे ठेवण्याचा माझा हेतू नाही. त्यांतल्या काही चांगल्याही असतात. पण आपल्याच ज्वारीच्या पाट्यांत जे बी पिकते, त्याचे तेल अंगाला कसे आहे हे आधी पाहून घ्यावे, मग दुसरीकडे पैसे घालावेत. ते बी म्हणजे करडई.

करडईची ओळख करून द्यायला नको. पारनेर, पाथर्डी, जामखेड, कर्जत या कोरडवाहू तालुक्यांत रब्बीच्या ज्वारीभोवती करडई पेरण्याची रीत जुनी आहे. काट्यामुळे ढोरे आत शिरत नाहीत, म्हणजे कुंपणही झाले आणि तेलही झाले. कोवळी असताना तिची भाजी होते. फुलांच्या पाकळ्यांपासून कुसुंबी रंग निघे. लुगड्या-पागोट्यांचा तो रंग रासायनिक रंग आल्यावर मागे पडला. आणखी एक उपयोग आज फारसा कुणाला ठाऊक नाही. पूर्वी हे बी तापवून, जाळून, काळे चिकट तेल काढीत आणि ते विहिरीच्या दोरांना व पाण्यात भिजणाऱ्या चामड्याला लावीत, म्हणजे चामडे कडक होऊन चिरत नसे. मेलेल्या जनावराच्या चामड्याला मानवते म्हणून जित्या माणसाच्या कातडीला मानवेल, असे काही मी म्हणणार नाही. त्याला वेगळा पुरावा लागतो, आणि तो आहे.

आधी कातडीची रचना थोडक्यात पाहू. आपल्याला वरून दिसते ती कातडी म्हणजे मेलेल्या, चपट्या पेशींचा पातळ थर. तो विटांच्या भिंतीसारखा रचलेला असतो आणि विटांच्या सांध्यांत चुना भरावा तसा पेशींच्या मध्ये स्निग्ध पदार्थ भरलेला असतो. हा चुना शाबूत असेल तर अंगातले पाणी बाहेर उडून जात नाही आणि बाहेरची घाण व रोगजंतू आत शिरत नाहीत. तो झिजला की भिंत पाझरू लागते. कातडी उलते ती याच कारणाने. थंडीतला कोरडा वारा, फार कढत पाणी आणि अंगाला वारंवार साबण चोळणे, हे तिघे मिळून तो चुना धुऊन नेतात.

या चुन्यातला एक महत्त्वाचा घटक बनवायला लिनोलिक आम्ल नावाचे स्निग्धाम्ल लागते. नाव अवघड आहे, पण लक्षात ठेवण्याजोगे आहे. कारण हे आम्ल माणसाच्या शरीराला स्वतः तयार करता येत नाही. ते बाहेरूनच मिळावे लागते. अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात बर नावाच्या पतिपत्नींनी १९२९ साली उंदरांवर प्रयोग केले. ज्यांच्या खाण्यातून स्निग्ध पदार्थ पूर्ण काढून घेतले, त्या उंदरांच्या कातडीला व शेपटीला खवले आले आणि त्यांची वाढ खुंटली. ठराविक स्निग्धाम्ले परत दिली तेव्हा ते सुधारले. पुढे १९७४ साली इंग्लंडमधील वैद्यांनी याच्या पुढची गोष्ट दाखवली. ज्यांचे आतडे बरेचसे कापून काढावे लागले होते आणि त्यामुळे खाल्लेले स्निग्ध अंगी लागत नव्हते, अशा रोग्यांच्या नुसत्या कातडीला सूर्यफुलाचे तेल चोळले, आणि ही उणीव भरून निघाली. म्हणजे हे आम्ल तोंडाने पोटात जाते तसे कातडीतूनही आत जाऊ शकते.

आणि करडईच्या तेलात हे आम्ल किती असते? आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या पिकत आलेल्या करडईच्या तेलात शंभरातले सत्तर ते पंचाहत्तर भाग लिनोलिक आम्लच असते. रोजच्या तेलांत इतके दुसऱ्या कशात नाही. तिळाच्या तेलात ते साधारण चाळीस-पंचेचाळीस भाग असते, शेंगदाण्याच्या तेलात त्याहून कमी, आणि खोबरेलात तर नावापुरते.

आता पुण्याची एक गोष्ट सांगतो. आपल्याकडे बाळाला तेल लावण्याची चाल घरोघर आहे. ते तेल खरोखर अंगात मुरते, की नुसते वर राहून दुपट्याला लागते, हा प्रश्न पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील बालरोगतज्ज्ञांनी हाती घेतला. त्यांचे निष्कर्ष २००५ साली प्रसिद्ध झाले. नवजात १२० बाळे त्यांनी घेतली. चाळीस बाळांना करडईचे तेल, चाळिसांना खोबरेल, आणि चाळिसांना काहीच नाही. एका वेळी पाच मिलिलिटर, म्हणजे एक लहान चमचाभर तेल, दिवसातून चार वेळा, असे पाच दिवस चोळले. आधी आणि नंतर बाळांचे रक्त तपासले. करडईचे तेल लावलेल्या बाळांच्या रक्तात शरीराला अत्यावश्यक अशी स्निग्धाम्ले वाढलेली दिसली. खोबरेल लावलेल्यांच्या रक्तात खोबरेलातली संपृक्त स्निग्धाम्ले वाढलेली दिसली. तेलाचा अपाय कुणाला झाला नाही. आपली आजी तान्ह्याच्या अंगाला तेल जिरवीत असे. 'जिरवणे' हा शब्द तिने उगाच वापरला नव्हता, असे आता म्हणायला हरकत नाही.

त्याच वर्षी ढाक्याच्या बालरुग्णालयातील एक अभ्यास प्रसिद्ध झाला. तिथे दिवस पुरे होण्याआधी जन्मलेल्या, अगदी नाजूक बाळांना सूर्यफुलाचे तेल लावले होते. तेल न लावलेल्या बाळांच्या मानाने या बाळांना रुग्णालयात होणारे जंतुसंसर्ग ४१ टक्क्यांनी कमी झाले. सूर्यफूल हे करडईच्याच कुळातले, आणि त्याच्या तेलातही लिनोलिक आम्ल भरपूर. भिंत धड झाली की चोर आत येत नाहीत, तसाच हा प्रकार.

परंतु यावरून कोणतेही तेल फासावे असा अर्थ कोणी काढू नये. ऑलिव्हच्या तेलाचे सध्या मोठे कौतुक चालले आहे. शहरातून येणारे पाहुणे बाळंतविड्यात त्याची बाटली घालतात. इंग्लंडमधील शेफील्ड विद्यापीठाने २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात मोठ्या माणसांच्या हातांना हे तेल काही आठवडे लावून पाहिले, तर कातडीची भिंत मजबूत होण्याऐवजी कमजोर झाली आणि थोडी लालीही आली. सूर्यफुलाच्या तेलाने तसे झाले नाही. कारण असे, की ऑलिव्हच्या तेलात ओलिक नावाचे दुसरे आम्ल जास्त असते, आणि ते त्या चुन्याला सैल करते.

याच विषयावर मँचेस्टरमध्ये २०१५ साली निरोगी नवजात बाळांवर अभ्यास झाला. त्यात ऑलिव्ह आणि सूर्यफूल या दोन्ही तेलांनी कातडीत ओलावा राहिला खरा, पण स्निग्ध थरांची घडी न तेल लावलेल्या बाळांइतकी नीट बसली नाही, असे आढळले. हे मुद्दाम सांगतो. नाही तर आमच्यासारखी व्याख्याने देणारी माणसे फायद्याचे तेवढे सांगतात आणि बाकीचे खिशात ठेवतात. ज्या बाळाची कातडी मुळातच मऊ आणि धड आहे, त्याला पहिल्या काही आठवड्यांत तेलाने न्हाऊ घालण्याची घाई नको. हलका हात पुरे. तेलाचा खरा गुण दिसतो तो कोरड्या, उललेल्या कातडीवर.

जाता जाता एक गंमत. चरकसंहितेत करडईच्या, म्हणजे कुसुंभाच्या, तेलाला वनस्पतींच्या सर्व तेलांत अहितकर ठरवले आहे आणि तिळाच्या तेलाला श्रेष्ठ म्हटले आहे. आपल्यापैकी वैद्यकीची आवड असलेले कुणी शिक्षक हे नक्की काढतील, म्हणून आधीच सांगून टाकले. तो विचार आहारातल्या पथ्यापथ्याचा आहे. अंगाला लावण्याविषयीचा आजचा पुरावा वेगळा आहे. आणि ज्याला तिळाचे तेल मानवते त्याने ते सोडावे असे माझे म्हणणे नाही.

आता करडईच्या तेलातही एक पाठभेद आहे, तो नीट ऐका. कॅलिफोर्नियात १९६० च्या दशकात शास्त्रज्ञांनी करडईचे असे वाण काढले की ज्यांच्या तेलात लिनोलिकच्या जागी ओलिक आम्ल भरलेले असते. हैदराबादच्या भारतीय तेलबिया संशोधन संस्थेनेही असे वाण दिले आहेत. तळणीला आणि टिकायला ते तेल उत्तम. पण आपण अंगासाठी जे कारण धरून बोलत आहोत, ते जुन्या, लिनोलिकवाल्या करडईचे. दुकानातल्या बाटलीवर 'उच्च ओलिक' असे लिहिलेले असेल तर ती स्वयंपाकघरात ठेवा.

घाण्याचे की रिफाइंड, असाही प्रश्न येतो. लाकडी घाण्याच्या तेलाला वास आणि चव असते, आणि ते समोर गाळून मिळते म्हणून भेसळीची भीती कमी. पण लिनोलिक आम्ल रिफाइंड तेलातही तितकेच असते, त्यामुळे घाणा जवळ नसेल तर अडून बसू नये. मात्र भजी तळून उरलेले तेल अंगाला लावू नये. लिनोलिक आम्लाचा दोष हा, की ते हवेने आणि उजेडाने लवकर बिघडते. म्हणून तेल थोडे आणावे, गडद रंगाच्या बाटलीत घट्ट बूच लावून चुलीपासून दूर ठेवावे, आणि खवट वास आला की टाकून द्यावे; खवट तेलाने कातडी चुरचुरते. हे तेल वाळून चिकट होणाऱ्या जातीचे आहे, रंगाच्या कामातही ते वापरतात. त्यामुळे तेल पुसलेल्या चिंध्यांचा बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. अशा बोळ्यात आपोआप ऊब धरून तो पेट घेऊ शकतो. चिंध्या धुऊन, पसरून वाळवाव्यात.

लावायचे कसे? अंघोळीचे पाणी कोमट असावे. साबण काखा, जांघा, हातपाय एवढ्यापुरता. हिवाळ्यात साऱ्या अंगाला रोज फेस हवाच असे नाही. पंचाने अंग टिपावे, खसाखसा पुसू नये, आणि अंग ओलसर असतानाच तेलाचा पातळ हात फिरवावा. पुष्कळ लोक कोरड्या अंगाला भरपूर तेल थापतात आणि लगेच साबणाने धुऊन टाकतात; त्यात तेलही जाते आणि साबणही. मोठ्या माणसाला एक लहान चमचा पुरतो. आधी कोपराच्या आतल्या बाजूला दोन-तीन दिवस लावून पाहावे. खाज किंवा पुरळ उठले तर ते तेल आपले नव्हे.

टाचांच्या भेगांना नुसते तेल पुरत नाही, ते पुसून जाते. त्यासाठी मलम करावे. एक भाग मधमाशांचे शुद्ध मेण आणि चार ते पाच भाग करडईचे तेल एका भांड्यात घ्यावे, ते भांडे उकळत्या पाण्याच्या पातेल्यात धरावे, मेण वितळले की ढवळून डबीत ओतावे. चुलीवर थेट ठेवू नये. रात्री पाय दहा-पंधरा मिनिटे कोमट पाण्यात बुडवून, वहाणेने घासावे तसे न घासता मऊ कापडाने पुसावेत, मलम भरावे आणि जुने सुती पायमोजे घालून निजावे. आठ-पंधरा दिवसांत फरक दिसतो. शाळेत विज्ञानाच्या तासाला हे मलम करण्याजोगे आहे. गरम भांडे मात्र गुरुजींनी स्वतः धरावे. ज्यांना मधुमेह आहे त्यांनी पायाची भेग घरी उकरत बसू नये, डॉक्टरांना दाखवावी.

बाळाच्या बाबतीत दोन-चार गोष्टी सांगायच्या आहेत आणि त्या न्हाऊ घालणाऱ्या आजीबाईंनी रागावू नये. बाळाच्या नाकात, कानात तेल घालू नका. नाकातले तेल फुप्फुसात उतरले तर बाळ दगावण्यापर्यंत मजल जाते. डाळीच्या पिठाने लव चोळून काढू नका. त्या चोळण्याने आपण जी भिंत बांधायला निघालो तीच खरवडली जाते. तेल लावलेले बाळ निसटते, म्हणून चोळणे मांडीवर किंवा जमिनीवरच्या चादरीवर करावे. अपुऱ्या दिवसांच्या बाळाला किंवा अंगावर चट्टे असलेल्या बाळाला डॉक्टरांना विचारूनच तेल लावावे.

आता सगळ्यांत महत्त्वाचे. तेलाला तेलाचे काम सांगावे. खरूज, गजकर्ण आणि कुष्ठरोग यांना तेलाने उतार पडत नाही, आणि आपल्या खेड्यांत हे रोग 'कोरडेपणा' समजून महिनोन्‌महिने तेलाखाली झाकले जातात. रात्री खाज वाढते, बोटांच्या बेचक्यांत पुरळ आहे आणि घरातले दोघे-तिघे खाजवतात, तर ती खरूज. तिचे औषध एकाच वेळी घरातल्या सर्वांनी लावायचे असते. गोल चट्टा, कडेला उंच आणि मध्ये मोकळा, तर ते गजकर्ण. त्यावर दुकानदाराने दिलेली, लगेच खाज थांबवणारी ट्यूब लावू नका. तिच्यात बहुधा स्टिरॉइड असते आणि ती रोग पसरवते. फिकट किंवा तांबूस चट्टा असेल आणि त्यावर कापसाचा धागा फिरवून कळत नसेल, तर ती कुष्ठरोगाची खूण असू शकते. हा चट्टा दुखत नाही, खाजत नाही, म्हणूनच त्याकडे दुर्लक्ष होते. वेळीच औषध घेतले तर माणूस पूर्ण बरा होतो, हातापायाला व्यंग येत नाही, आणि हे औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळते. शिक्षकांनी हिवाळ्यात मुलांचे उललेले हातपाय बघताना पाठीवर, दंडावर असा एखादा चट्टा दिसतो का हेही बघावे. मुलाला वर्गासमोर उभे करून नव्हे. बाजूला घेऊन, आणि आईबापांना शांतपणे सांगून.

राहता राहिला प्रश्न करडई आणायची कुठून. मुळा धरणाचे पाणी आले आणि राहुरीच्या शिवारात ऊस आला. करडई मागे हटली. त्यात तिचे काटे. काढणी पहाटे, दवाने काटे मऊ असताना करायची, हातापायाला फडकी गुंडाळायची, तरी अंग ओरबाडतेच. मजुरी करणाऱ्या बाया करडईचे नाव काढताच तोंड फिरवतात ते काही आळसाने नव्हे. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने 'नारी-६' हा बिनकाट्याचा वाण काढला आहे, तो यासाठी पाहण्याजोगा आहे. १९६८ साली स्थापन झालेले महात्मा फुले कृषी विद्यापीठ तर राहुरीतच आहे. करडईवरचे त्याचे काम सोलापूरच्या केंद्रात चालते. 'भीमा' आणि 'फुले कुसुमा' हे वाण याच विद्यापीठाचे.

अंगाला लावण्यापुरत्या करडईला शेत लागत नाही. हिशेब करून पाहा. घरात पाच माणसे आणि थंडीचे शंभर दिवस. रोज माणशी पाच मिलिलिटर म्हणजे अडीच लिटर तेल झाले. भारी, ओल धरणाऱ्या जमिनीत कोरडवाहू करडई हेक्टरी आठ-दहा क्विंटल येते असे धरले, तर एका गुंठ्यात आठ-दहा किलो बी मिळते आणि घाण्यावरून साधारण दोन लिटर तेल घरी येते. म्हणजे सव्वा गुंठा झाला. सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत, जमिनीत ओल असताना, दोन ओळींत ४५ सेंटिमीटर व दोन रोपांत २० सेंटिमीटर अंतर ठेवून पेरावी, आणि थंडीत ढगाळ हवा आली की मावा येतो का ते शेंड्याकडे पाहत राहावे. पेंड गुरांना होते. बी घाण्यावर नेताना मात्र चांगले वाळलेले न्या आणि आपले तेल आपल्यासमोर गाळून घ्या.